कुर्ल्याचा माल

जुन्या फियाटच्या पुढच्या दारात मोठ्या काचेला लागून एक छोटी तिकोनी काच असते. ती जरा तिरकी केली की चालत्या गाडीत वारा थेट अंगावर येतो. एसी नसलेल्या काळात, मुंबईच्या मे महिन्यात, त्या काचेचं मोल मोठं होतं. ती बंद ठेवणारा खटका बोटाच्या दोन पेरांएवढा असेल. आमच्या १९६८ च्या गाडीच्या उजव्या दाराचा तो खटका मिळवायला मला चौदा महिने लागले. या पुस्तकाची सुरुवात तिथून झाली, म्हणून प्रस्तावनेतही आधी खटकाच.

तो तुटलेला नव्हता. क्रोमवर फोड आले होते, एवढंच. बंपर, व्हीलकप, दारांची हँडलं यांच्याबरोबर मी तोही एका पोत्यात घालून प्लेटिंगला दिला. बंपर लोखंडाचा असतो. खटका मझाकचा, म्हणजे साच्यात दाबून ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूचा. लोखंडावरचा गंज काढायला वस्तू आम्लात बुडवतात, आणि जस्ताला ते आम्ल खाऊन टाकतं. चार दिवसांनी बंपर आरशासारखे होऊन आले आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला, वाळवीने पोखरलेल्या लाकडासारखा दिसणारा एक तुकडा हातात पडला. मझाकचा भाग वेगळा काढून द्यायचा असतो. त्याचं जुनं क्रोम सांभाळून उतरवायचं, खड्डे घासायचे, मग आधी तांब्याचा थर, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोम. त्या कारागिराला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

मग शोध सुरू झाला. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून तीन खटके आणले. एकही बसेना. शेवटी परळच्या एका गॅरेजात, टॅक्स्यांवर चाळीस वर्षं हात काळे केलेल्या एका मिस्त्रींपुढे ते तिन्ही ठेवले. त्यांनी हातही लावला नाही. म्हणाले, “साहेब, ह्यातले दोन डावे. तिसरा उजवा आहे, पण तुमच्या गाडीच्या नंतरचा. दांडी बघा, जाड आहे.” मग फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत खटक्यांच्या दोन जुड्या होत्या. डावे तांब्याच्या तारेत ओवलेले, उजवे लोखंडाच्या. “टॅक्सीवाल्यांना हे नको असायचे. काच खडखडायला लागली की ते सुतळीने बांधून टाकायचे. मी काढून ठेवत गेलो.” त्यांनी एक खटका सोडवून दिला. तो पहिल्या झटक्यात बसला. बसताना झालेला तो बारीक ‘टक’ आवाज मला अजून आठवतो.

जुन्या गाडीचा मूळ भाग शोधणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. भाग मुंबईतच होता, घरापासून अर्ध्या तासावर. नाव, साल, डावं-उजवं आणि दांडीची जाडी सांगू शकणारा माणूस मात्र एकच होता, आणि त्याने यातलं काही कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

‘मूळ भाग’ हा शब्द आपण सहज वापरतो. कुर्ल्याच्या फियाटच्या बाबतीत त्याचा अर्थ नीट लावायला हवा, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या अमेरिकन क्रायस्लरच्या घराण्यातल्या, डॉज आणि प्लिमथ. १९५० नंतर इटलीची फियाट आली. आधी छोटी पाचशे, मग १९५४ च्या सुमारास अकराशे. ‘मिलेचेंतो’ या भारदस्त वाटणाऱ्या नावाचा इटालियन भाषेतला अर्थ साधा ‘अकराशे’ असाच आहे. गोल नाकाच्या त्या गाडीला मुंबईने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, आणि त्या नावात माया होती. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची, मागे छोटे पंख असलेली अकराशे ‘डी’ आली. पुढे तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी झाली आणि २००१ पर्यंत बनत राहिली. जवळपास एकाच सांगाड्याची गाडी ३५ वर्षांहून अधिक काळ निघाली.

याच काळात देशाचं धोरण बदललं. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवलं की आयात केलेले भाग नुसते जोडून गाड्या विकायच्या नाहीत, टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवायचे. ज्यांना ते करायचं नव्हतं ते निघून गेले. शिवडीचा जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. प्रीमियर राहिली. त्यामुळे कुर्ल्याची गाडी वर्षागणिक थोडी कमी इटालियन आणि थोडी जास्त भारतीय होत गेली. विजेचं सामान लुकास-टीव्हीएसचं आलं, प्लग मायकोचे आले. कारखान्यात जुना साठा संपेपर्यंत जुना भाग लागायचा, मग नवा. हा बदल १ जानेवारीला ठरवून होत नसे. एकाच सालच्या दोन गाड्यांत दोन वेगळे स्विच सापडतात आणि दोन्ही मूळचेच असतात.

म्हणून माझी व्याख्या अशी आहे: त्या गाडीवर कुर्ल्यात जो भाग बसला, तो मूळ भाग. तोरिनोहून आलेला चकचकीत इटालियन बिल्ला १९६८ च्या कुर्ल्याच्या गाडीवर लावला तर तो कितीही अस्सल असो, त्या गाडीपुरता परका आहे. हौशी लोकांत यावरून वाद होतात. इटालियन माल उंची आणि इथला दुय्यम, हा समज मला अजिबात मान्य नाही. परकीय चलनाच्या टंचाईत, मोजक्या यंत्रांवर, या देशातल्या कामगारांनी जो दिवा, जी जाळी, जो डायनामो बनवला, तो त्या गाडीच्या चरित्राचा भाग आहे. तो काढून टाकला की चरित्रातलं एक पान फाटतं.

या समजापायी पैसेही बुडतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी परदेशातून ‘फियाट ११०० डी’ साठीचे पिस्टन मागवले. नाव तेच, अक्षर तेच, चित्रही तेच. इटलीतल्या अकराशे डीचं इंजिन १,२२१ सीसीचं होतं, पिस्टनचा व्यास ७२ मिलिमीटर. कुर्ल्याने मात्र १,०८९ सीसीचं इंजिन कायम ठेवलं, व्यास ६८. स्ट्रोक दोन्हींचा ७५ असल्याने कागदावर सगळं जुळल्यासारखं वाटतं. चार मिलिमीटरचा फरक बोअर करून भागवता येत नाही, सिलिंडरच्या भिंतीच उरणार नाहीत. ते चार पिस्टन आज त्यांच्या कपाटात आहेत. इटलीचा बाजार निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पाडुआला वर्षानुवर्षं भरणाऱ्या आणि २०२३ पासून बोलोन्याला हललेल्या जुन्या गाड्यांच्या जत्रेत आपल्याला लागणाऱ्या कितीतरी वस्तू निघतात. पण मागवण्याआधी माप घ्यायचं असतं. गाडीच्या नावावर विश्वास ठेवायचा नसतो.

मापाची गोष्ट निघाली म्हणून आट्यांबद्दलही सांगतो. अँबॅसेडर मूळची मॉरिस, तिचे बोल्ट इंचाच्या मापाचे. फियाटचे मिलिमीटरचे. दोन्ही गाड्या एकाच गॅरेजात, एकाच पान्याखाली आयुष्यभर दुरुस्त होत राहिल्या. हाताशी जो बोल्ट आला तो पिळून बसवलेल्या कितीतरी फियाट मी पाहिल्या आहेत. दोन वेढे जातो, मग अडतो, मग मोठ्या पान्याने दाबून आत घातला जातो, आणि ब्लॉकमधले आटे मरतात. अशी गाडी हाती आली की नवा भाग शोधण्याआधी तो जिथे बसायचा ती जागा तपासा. दीडशे-दोनशे रुपयांचा आटे मोजायचा गेज खिशात ठेवा.

फियाटचे भाग इतकी वर्षं मिळत राहिले ते टॅक्सीमुळे. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण दोन पिढ्या टिकलं. हजारो टॅक्स्या दिवसरात्र धावत होत्या, तेव्हा क्लच प्लेट, ब्रेकचं किट, किंगपिन, सायलेन्सर, गिअर लिव्हरचे बुश कुठल्याही नाक्यावर मिळायचे. टॅक्सी थांबली की चूल थांबते, त्यामुळे गाडी चालायला जे लागतं ते बाजाराने कधी संपू दिलं नाही. त्याच टॅक्सीने शोभेचं सगळं मात्र मारलं. क्रोमच्या पट्ट्या, स्टीअरिंगवरची हॉर्नची रिंग, दाराच्या आतली नक्षीची रेक्झिन, आमचा तो खटका. टॅक्सीवाल्याला यातलं काहीच नको होतं. म्हणून आज इंजिन उभं करणं सोपं आणि डॅशबोर्ड पुरा करणं अवघड, अशी उलटी परिस्थिती आहे. बाहेरच्या देशांतल्या अनुभवावर लिहिलेली पुस्तकं इथे तोकडी पडतात ती याच कारणाने. तिथे टॅक्सीने एखाद्या गाडीच्या बाजाराला असा आकार दिलेला नसतो.

आता तो आधारही गेला. सरकारने टॅक्सीला वयाची मर्यादा घातली, २००८ मध्ये २५ वर्षं आणि २०१३ मध्ये २०. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी हळहळीचे लेख छापले. मला त्या आठवड्यात काळजी होती ती वेगळीच. गिऱ्हाईक संपलं की किंगपिन बनवणारा लहान कारखानदार साचा भंगारात घालतो. हे पुस्तक लिहून संपवायची घाई मला त्या दिवसापासून झाली.

शोधायचं कुठे, यावर पुढे तीन प्रकरणं आहेत. इथे थोडंच लिहितो. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउस. पुण्यात नाना पेठ, आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार. बाहेर कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट, दिल्लीचं मायापुरी. पण मला सर्वांत चांगला माल या प्रसिद्ध ठिकाणी मिळालेला नाही. तो मिळाला तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडजवळच्या, आता फक्त ट्रॅक्टरचं सामान विकणाऱ्या दुकानांच्या माळ्यावर. १९७५ साली गावातल्या डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या फियाटसाठी मागवलेला, मग कुणी विचारलाच नाही असा माल. अशा दुकानात शिरताना घाई करू नका. मालक बहुतेक दुसऱ्या पिढीतले असतात, माळ्यावर काय आहे ते त्यांनाही ठाऊक नसतं. “काका, जुन्या फियाटचं काही पडलंय का?” असं विचारा, चहा घ्या, वडिलांच्या आठवणी ऐका. शिडी लागायला वेळ लागतो. आणि माळ्यावरून धूळ खात आलेला माल ‘भंगार’ म्हणून पाडून मागू नका. ज्यांच्या घराने तो पन्नास वर्षं सांभाळला त्यांना योग्य दाम मिळाला पाहिजे.

अशा ठिकाणी कंपनीच्या सीलबंद डब्यातला भाग मिळाला की आनंदाने डोळे भरून येतात. मात्र डब्यात काय आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. धातू टिकतो. रबर टिकत नाही. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं पन्नास वर्षांपूर्वीचं किट डब्यात एकही ओरखडा न पडता राहिलं असेल, तरी त्यातले वॉशर मेलेले असतात. बोटाने दाबले तर मऊ लागतात, पण ऑइल लागलं आणि दाब आला की फाटतात. ऑइल सील कडक होतात. कंडेन्सरचा भरवसा नाही. ब्रेकच्या बाबतीत मूळ-अमूळचा हट्ट धरायचा नाही, हे मी या पुस्तकात जिथे जिथे संधी मिळाली तिथे सांगितलं आहे. सिलिंडरचं धातूचं अंग मूळचं ठेवा, आतलं रबर आणि होज पाइप आजच्या तारखेचे घाला. गाडीत आपली माणसं बसणार आहेत.

जो भाग कुठेच नाही तो बनवून घ्यावा लागतो, आणि या बाबतीत आपण नशीबवान आहोत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दाखवाल ती वस्तू ओतून आणि लेथवर चढवून देणारे हात आजही आहेत. पाण्याच्या पंपाचं गंजून भोक पडलेलं बिडाचं अंग मी तिथून नवं करून आणलं. ते करताना एक गोष्ट शिकलो, ती इथेच सांगतो, कारण अनेकांची ओतकामं याच चुकीने वाया जातात. जुना भागच वाळूत दाबून त्याच्या ठशात नवा ओतला तर नवा लहान निघतो. तापलेला धातू थंड होताना आकसतो, बीड साधारण एक टक्का, ॲल्युमिनियम त्याहून किंचित जास्त. शंभर मिलिमीटरच्या भागात एक मिलिमीटर गेला की बोल्टची भोकं जुळत नाहीत. म्हणून लाकडाचा पॅटर्न त्या हिशेबाने मोठा करावा लागतो, आणि जिथे यंत्रकाम व्हायचं तिथे वेगळा माल ठेवावा लागतो. पॅटर्न करणाऱ्या सुताराकडे आकसण्याचा हिशेब धरून आखलेली खास पट्टी असते. ती पट्टी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी बराच वेळ ती साध्या पट्टीशेजारी धरून बघत उभा राहिलो होतो. बनवलेल्या भागावर आतल्या बाजूला साल कोरून घ्या, असा माझा आग्रह आहे. पुढच्या मालकाला तो कुर्ल्याचा समजून फसायला नको.

एक प्रश्न कठीण आहे आणि त्यावर माझं मत ठाम आहे. एक गाडी पुरी करण्यासाठी दुसरी कापायची का? गंजून तळ गेलेली, कागदपत्रं हरवलेली, झाडाखाली रुतलेली गाडी असेल तर जरूर तिचे भाग घ्या, ते चांगल्या कामी लागतील. पण जिचा सांगाडा धड आहे, आरसी बुक आहे, मालक हयात आहे, ती केवळ ग्रील आणि काचांसाठी फोडणं हा अपराध आहे. तिच्यासाठी माणूस शोधा. तसंच, इंजिन किंवा चेसिसच्या नंबरची सुटी पाटी कुणी विकायला आणली तर तिला हात लावू नका, मग ती कितीही अस्सल दिसो. अशा पाट्यांच्या मागे चोरीची गाडी असू शकते.

मूळपणाला आता कायद्यातही किंमत आली आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा, ही अट आहे. दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन घालून घेतलेल्या कितीतरी सुंदर फियाट या अटीमुळे बाहेर राहतील. तेव्हा परवडत नव्हतं म्हणून लोकांनी तसं केलं, त्यांना दोष देता येत नाही. पण ज्यांच्याकडे जुनं इंजिन अजून गॅरेजच्या कोपऱ्यात पडलं असेल, त्यांनी ते विकू नये, एवढं कळवळून सांगतो.

पुस्तकाची मांडणी गाडीच्या अंगाप्रमाणे आहे. नाकापासून सुरुवात, डिकीत शेवट. प्रत्येक भागाचं गॅरेजातलं नाव आधी दिलं आहे आणि कंपनीच्या कॅटलॉगातलं नंतर. डिस्ट्रिब्युटरला मिस्त्री डेलको म्हणतात; दुकानात गेल्यावर तोच शब्द कामी येतो. मापं मी स्वतः व्हर्नियरने घेतली आहेत. कुठल्या सालच्या गाडीवरून घेतली तेही लिहिलं आहे, आणि एकाहून जास्त गाड्यांवर जुळल्याशिवाय कुठलंही माप छापलेलं नाही. यातली बरीचशी माहिती परळ, कुर्ला, डोंगरी आणि नाना पेठेतल्या मिस्त्रींनी हातातलं काम थांबवून मला दिली.

खटका देणारे मिस्त्री २०१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेले. गॅरेजची जागा पुनर्विकासात गेली. जाताना त्यांनी तो बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला. खटक्यांच्या जुड्यांशिवाय त्यात आणखी सतरा वस्तू होत्या. अकरांची ओळख मला कॅटलॉग आणि गाड्या बघून पटली. सहांची नाही. फोनवर वर्णन करून पाहिलं, फोटो पाठवले. ते म्हणाले, “साहेब, असं नाही सांगता येत. हातात घ्यावी लागेल.” त्या सहा वस्तूंची चित्रं शेवटच्या पानावर, आहेत त्या मापात छापली आहेत. कुणाला ओळखता आल्या तर कळवावं. दिवाळीनंतर डबा घेऊन मी गावी जाणार आहे.